बॅकहँड सुधारायचाय? मग बॉल सोडून बाकी सगळं बघा

सकाळी साडेसहाला नाशिकमधल्या कुठल्याही टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर थोडा वेळ उभे राहा. एक प्रकार हमखास दिसतो. बॉल डावीकडे, म्हणजे बॅकहँडच्या बाजूला, आला की माणूस तिरपा पळत बॉलच्या पलीकडे जातो आणि तिथूनही उजव्या बाजूचा फोरहँडच मारतो. निम्मं कोर्ट उघडं पडतं, पुढचा बॉल तिथेच येतो आणि पॉइंट जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “बॅकहँड बसतच नाही हो.” आणि हीच मंडळी जानेवारीत पहाटे उठून ऑस्ट्रेलियन ओपन बघतात, सप्टेंबरात यूएस ओपनसाठी रात्र जागवतात. एवढं बघूनही अंगात काही उतरत नाही.

कारण साधं आहे. टीव्हीवर आपली नजर बॉलमागे धावते. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शॉट जोरदार बसला की मग खेळाडूकडे लक्ष जातं. तोवर त्याचं सगळं काम आटोपलेलं असतं. आपल्या लक्षात राहते ती खांद्यावर गेलेली रॅकेट किंवा हवेत पसरलेले दोन हात. दुसऱ्या दिवशी कोर्टवर आपण तेवढंच उचलतो. बॅकहँड घडतो तो त्याच्या आधी, समोरच्याचा बॉल नेटवर यायच्या आतच. प्रो खेळाडूंकडून शिकायचं असेल तर तेवढा तुकडा पकडायला शिकलं पाहिजे.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्या, कोर्टवर येऊन थोडेच महिने झालेल्या माणसासाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

१. एक हात की दोन, हे आधी ठरवा

दोन्ही प्रकार थोडे थोडे शिकू, मग बघू, असं करू नका. ग्रिप वेगळी, बॉल मारायची जागा वेगळी, पायांचं गणित वेगळं. एक निवडा आणि निदान वर्षभर त्याच्याशी राहा.

माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी दोन हातांनी सुरुवात करावी. खांद्याएवढ्या उंचीवर आलेला बॉल एका हाताने दाबून मारायला ताकद आणि अचूक वेळ दोन्ही लागतं, आणि नवख्याकडे दोन्ही नसतं. प्रो टेनिसही तिकडेच गेलंय. एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या प्रो टेनिस संघटनेची, रँकिंग १९७३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टेफानोस त्सित्सिपास पहिल्या दहातून बाहेर पडला, तेव्हा एका हाताने बॅकहँड मारणारा एकही पुरुष खेळाडू पहिल्या दहात उरला नाही. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

एका हाताचा बॅकहँड दिसतो सुंदर, यात वाद नाही. आपला रोहन बोपण्णा एका हाताने मारायचा आणि २०२४ मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली, डबल्समध्ये जगात पहिल्या क्रमांकावरही पोचला. पीट सॅम्प्रस लहानपणी दोन हातांनी खेळायचा, चौदाच्या आसपास एका हातावर आला आणि पुढे त्याच बॅकहँडने सात वेळा विम्बल्डन जिंकला. तेव्हा मनगट-खांदा मजबूत असेल, नेटवर जायची हौस असेल आणि धीर असेल, तर खुशाल एक हात घ्या. फक्त फेडरर आवडतो एवढ्या कारणावर घेऊ नका. आणि त्याच्या नावाची ३४० ग्रॅमची रॅकेट तर अजिबात घेऊ नका. २७० ते २८५ ग्रॅमची, मोठ्या डोक्याची रॅकेट नवख्याला पुरेशी होते.

क्रिकेटमधून टेनिसकडे आलेल्यांची एक गंमत होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या दोन हाती बॅकहँडमध्ये उजवा हात हँडलच्या टोकाशी असतो आणि डावा त्याच्या पुढे, रॅकेटच्या डोक्याकडे. बॅटच्या हिशेबात ही डावखुऱ्या बॅट्समनची पकड झाली. त्यामुळे लिहितो-जेवतो उजव्या हाताने पण गल्लीत बॅटिंग डावी करतो, असा पोरगा हा शॉट बघता बघता उचलतो. उजव्या बॅट्समनचे हात मात्र सवयीने उलटे जातात, डावा हात मागे सरकतो. पहिले काही दिवस प्रत्येक बॉलआधी हात नीट बघून घ्या. बॅडमिंटनवाल्यांचा त्रास निराळा: ते मनगटाने झटका देतात. शटलला तो झटका पुरतो, ५७-५८ ग्रॅमच्या टेनिस बॉलपुढे मनगटच मागे वळतं.

२. ग्रिप: इथे घाई नको

हँडल अष्टकोनी असतं, म्हणजे त्याला आठ सपाट कडा असतात. रॅकेटचं तोंड भिंतीसारखं उभं धरा. वर येते ती कड पहिली. हँडलच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या दिशेने मोजत गेलात की दुसरी, तिसरी अशा आठ कडा होतात. आता तर्जनीच्या मुळाशी जे हाड वर येतं, ते कुठल्या कडेवर टेकतंय ते बघा. सगळ्या ग्रिप यावरच ठरतात.

दोन हातांसाठी: उजव्या हाताचं ते हाड दुसऱ्या कडेवर, डाव्या हाताचं सातव्या कडेवर. दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले, मध्ये फट नाही. डाव्या हाताची ही पकड म्हणजे डाव्या हाताने फोरहँड मारायची पकड आहे, आणि या शॉटचं मर्म तेच आहे. दोन हाती बॅकहँड हा खरं तर डाव्या हाताचा फोरहँड असतो, उजवा हात साथीला.

एका हातासाठी: ते हाड पहिल्या कडेवर, म्हणजे अगदी वर. फोरहँडच्या ग्रिपवरून इथे यायचं तर हात फिरवावा लागतो, आणि तो उजव्या हाताने फिरवायचा नसतो. डाव्या हाताने रॅकेट गळ्याशी धरून फिरवायची, उजवा हात तेवढ्यापुरता ढिला सोडायचा. फेडरर किंवा वावरिंकाच्या मॅचमध्ये दोन शॉटांच्या मधला क्षण बघा. डावा हात रॅकेटच्या गळ्यावरच असतो. स्टाइल म्हणून नाही, ग्रिप बदलण्यासाठी.

बहुतेक नवखे ग्रिप बदलतच नाहीत. फोरहँडच्या पकडीनेच डावीकडचा बॉल मारतात, मग तो जाळीत तरी जातो किंवा कंपाउंडबाहेर.

३. आपल्या अंगाला जुळणारा खेळाडू निवडा

सगळ्यांचं सगळं बघायचं नाही. एक खेळाडू, फार तर दोन.

दोन हातांसाठी नोव्हाक जोकोविच हा सगळ्यात स्वच्छ नमुना. त्याच्या बॅकहँडमध्ये फालतू हालचाल जवळपास नाही, आणि तो खूप वर्षं खेळल्यामुळे व्हिडिओही भरपूर. अँडी मरेही चांगला. यानिक सिनर ताकदीसाठी बघावा, पण त्याचा वेग बघून आपणही हात फिरवायला जाऊ नये. मुलींनी आणि बेताच्या उंचीच्या सगळ्यांनीच इगा श्वियांतेकचे पाय बघावेत. मेदवेदेवला मात्र नवख्यांनी नमुना करू नये. त्याचे शॉट त्याच्या लांबलचक हातापायांना शोभतात. आपण तसं केलं की कोपरं-गुडघे सगळीकडे पसरतात.

डावखुऱ्यांसाठी नदाल आहेच. तो लिहितो उजव्या हाताने आणि टेनिस खेळायचा डाव्या, म्हणून त्याच्या बॅकहँडमध्ये पुढचा हात हा त्याचा मुळातला सवयीचा हात आहे. वरच्या डाव्या हाताच्या फोरहँडचा मुद्दा त्याच्याकडे उलट्या बाजूने पडताळून पाहता येतो.

एका हातासाठी जोर बघायचा असेल तर स्टॅन वावरिंका. २०१५ च्या फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये त्याने जोकोविचला ४-६, ६-४, ६-३, ६-४ असं हरवलं, आणि शेवटचा पॉइंटही डाऊन द लाईन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ मारलेल्या, बॅकहँडनेच घेतला. ती मॅच एकदा पूर्ण बघाच. उंची कमी म्हणून एका हाताचा विचार सोडून देणाऱ्यांनी जस्टिन एनाँ बघावी. १.६७ मीटर उंचीची ही बेल्जियन खेळाडू एका हाताच्या बॅकहँडवर चार वेळा फ्रेंच ओपन जिंकली.

आणि फेडरर? त्याची एकच मॅच बघायला सांगेन, २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची नदालविरुद्धची फायनल. नदालचा टॉपस्पिन, म्हणजे बॉलला दिलेली पुढची फिरकी, वर्षानुवर्षं त्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर उसळत आला होता. या मॅचमध्ये तो बेसलाईनवरून (कोर्टच्या मागच्या रेघेवरून) मागे हटलाच नाही, बॉल पूर्ण उसळायच्या आतच उचलून मारत राहिला, स्लाईस (उलट्या फिरकीचा, खाली राहणारा शॉट) कमी केला. २०१४ पासून त्याने ९० ऐवजी ९७ चौरस इंचाच्या डोक्याची रॅकेट घेतली होती, त्याचाही फायदा झाला. पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना सलग पाच गेम घेऊन त्याने मॅच काढली. आपल्याला तेवढं लवकर बॉल घेणं जमणार नाही, पण उंच बॉलपुढे मागे मागे सरकत गेलं की काय होतं आणि उभं राहिलं की काय होतं, हे त्याच्या आधीच्या मॅचेस शेजारी ठेवून बघता येतं.

४. कुठे आणि कसं बघायचं

टीव्हीचा मुख्य कॅमेरा उंचावरून, बेसलाईनच्या मागून असतो. त्यातून खेळाडू कुठे उभा आहे, कधी वळतो हे कळतं. हातांचं काही कळत नाही. त्यासाठी प्रॅक्टिसचे व्हिडिओ शोधा, कोर्टच्या पातळीवरून, शक्यतो मागून किंवा डाव्या बाजूने घेतलेले. यूट्यूबवर असे स्लो मोशन व्हिडिओ ढिगाने आहेत. वेग ०.२५ वर आणता येतो. कॉम्प्युटरवर बघत असाल तर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक चित्र मागे-पुढे सरकतं.

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं धरली तर दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. बॉल गटिंगवर, म्हणजे रॅकेटच्या तारांवर, टेकलेला असतो तो जेमतेम पाच मिलिसेकंद. म्हणजे बॉल लागतानाचं चित्र बहुतेक वेळा सापडणारच नाही. एक आधीचं मिळेल, एक नंतरचं. सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन असेल तर कुठे एखादं सापडतं. म्हणून धूसर व्हिडिओवरून “बघा, मनगट असं फिरवतो” म्हणून सांगणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.

ऑस्ट्रेलियन ओपनचा दिवसाचा खेळ आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो. फ्रेंच ओपन दुपारी अडीचला, विम्बल्डन साडेतीनला, यूएस ओपन रात्री साडेआठला. नाशिकमध्ये पावसाळ्यात उघडी कोर्ट ओली राहतात, बरेच दिवस खेळ बंद पडतो, आणि नेमकं तेव्हाच विम्बल्डन आणि यूएस ओपन येतात. तो बघण्याचा हंगाम समजा.

थेट मॅच बघताना एक शिस्त पाळा. एक पूर्ण गेम बॉलकडे न बघता फक्त एका खेळाडूकडे बघायचं. पहिल्यांदा फार कंटाळा येतो, पॉइंट कोणी घेतला तेही कळत नाही. पण दोन-तीन गेमनंतर त्याचे पाय दिसायला लागतात.

५. पाच ठिकाणी थांबा

व्हिडिओतला एकच शॉट घ्या आणि पाच ठिकाणी थांबवा.

पहिला थांबा: समोरचा खेळाडू बॉल मारतो तो क्षण. आपला खेळाडू त्या वेळी हवेत असतो, बोटभर का होईना. हीच ती छोटी उडी, स्प्लिट स्टेप. खाली येताना दोन्ही पाय पसरलेले, गुडघे वाकलेले, आणि मग तो ज्या बाजूला जायचं तिकडे निघतो. ही उडी न मारणारा प्रो तुम्हाला सापडणार नाही. आपल्या कोर्टवर मात्र ती मारणारा शोधावा लागतो.

दुसरा थांबा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: बॉल नेटवर असतानाचा. ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने आलेला बॉल २३.७७ मीटरचं कोर्ट साधारण दीड सेकंदात ओलांडतो. नेटवर येईपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो. या क्षणी जोकोविच कसा दिसतो ते बघा. दोन्ही खांदे वळून झालेले असतात. उजवा खांदा नेटकडे, हनुवटी जवळपास त्या खांद्यावर, रॅकेटचं डोकं हातांच्या वर. आणि हात? ते वेगळे मागे गेलेलेच नसतात. खांदे वळले, त्यांच्याबरोबर रॅकेट गेली, बस्स. नवखा माणूस याच क्षणी बॉल आला, डावीकडे आला, असं मनात म्हणत छाती नेटकडे ठेवून उभा असतो. मग टप्पा पडल्यावर घाईघाईने एकटे हात मागे ओढतो. तिथून चांगला शॉट निघणं अवघडच.

एका हाताच्या खेळाडूत हे वळण आणखी जास्त असतं. वावरिंकाची पाठ समोरच्याला दिसते. डावा हात रॅकेटचा गळा धरून ती मागे नेतो, उजवा नुसता सोबत जातो.

तिसरा थांबा: टप्पा पडल्यावर. रॅकेटचं डोकं वरून खाली घसरून बॉलच्या उंचीच्या खाली आलेलं दिसेल, कारण टॉपस्पिनसाठी खालून वर यावं लागतं. उजवा पाय पुढे टेकलेला, गुडघा वाकलेला. खाली जायचं ते गुडघ्याने. कमरेत वाकून रॅकेट खाली नेली की बॉल वर उचलताना पाठ ताठ होते आणि बॉल उडतो. जोकोविच कधी कधी डाव्या पायावर, पाय फाकून, घसरत मारतो. ते त्याचं त्याला. आपण पुढे पाऊल टाकून मारायचं.

चौथा थांबा: बॉल लागताना. दोन हातांमध्ये बॉल पुढच्या मांडीच्या किंचित पुढे, कमरेच्या उंचीवर. डावा तळवा लक्ष्याकडे बघतोय, कारण डावा तळवा आणि रॅकेटचं तोंड एकाच दिशेला असतं. एका हातामध्ये बॉल आणखी पुढे, पुढच्या पायाच्याही पलीकडे, आणि त्या क्षणी कोपर सरळ. एका हाताने मारणाऱ्यांची निम्मी रड इथेच असते: बॉल पोटाजवळ येऊ देतात, मग कोपर वाकवून ढकलतात. फेडररचे फोटो बघा. बॉल निघून गेलेला असतो आणि त्याचं डोकं अजून बॉल लागला त्या जागेकडेच असतं. यात दिखाऊपणा नाही. डोकं लवकर वर आलं की खांदा उघडतो, खांदा उघडला की रॅकेटचं तोंड वाकडं होतं.

पाचवा थांबा, शेवटचा फॉलो-थ्रू, म्हणजे बॉल मारल्यावर रॅकेट पुढे जाते ते. दोन हातांत रॅकेट उजव्या खांद्यावर जाते, एका हातात उंच पुढे, आणि डावा हात मागे राहतो, छाती उघडू नये म्हणून. आधीचं सगळं बरोबर असेल तर हे आपोआप होतं. वेगळी प्रॅक्टिस करू नका.

६. कोर्टवर उतरवताना

एका वेळी एकच थांबा. या आठवड्यात फक्त खांदे, बाकी बॉल कुठेही जाऊ दे. हे पाळणं सगळ्यात कठीण जातं, कारण बॉल बाहेर गेला की लाज वाटते आणि माणूस जुन्या सवयीवर येतो.

सुरुवात बॉलशिवाय करा. गच्चीवर किंवा काचेच्या दारासमोर उभं राहून शॉट हळू हळू मारायचा, दुसऱ्या थांब्यावर खरंच थांबून बघायचं. घरातले हसतील. रोज दहा मिनिटं पुरेत.

मग दोन हातवाल्यांनी फक्त डाव्या हाताने मारायचं. हात थोडा वर, हँडलच्या मध्यावर धरा, सर्व्हिस लाईनवर (नेट आणि बेसलाईनच्या मधल्या रेघेवर) उभे राहा, स्वतःच बॉल सोडा, एक टप्पा, आणि डाव्या हाताने हळू फोरहँड. पहिले बॉल विचित्र जातील. डावा हात शॉट ओळखायला लागला की उजवा हात परत जोडा. तो मारत नाहीये, नुसता धरून आहे, हे लगेच जाणवतं. माझ्या बघण्यात नवख्यांना सगळ्यात जास्त फायदा देणारा हा एकच सराव आहे आणि तो सगळ्यात कमी केला जातो, कारण दिसायला पोरकट दिसतो.

नंतर मार्करकडून, म्हणजे मेंबरना खेळवायला क्लबने ठेवलेल्या माणसाकडून, बॉल घ्या. क्लबमधले मार्कर सवयीने जोरात आणि खोल देतात, त्यांना वाटतं मेंबरला तेच हवंय. आधीच सांगून टाका: “दादा, हळू द्या, नेटजवळून, कमरेएवढा येऊ द्या.” आणि कोच असतील तर एवढंच: “सर, आज फक्त माझा खांदा कधी वळतो तेवढंच बघाल का?” सर मंडळी एका शॉटमध्ये सहा चुका सांगतात. चुका खऱ्या असतात, पण सहा एकदम सुधारत नाहीत.

हिरव्या ठिपक्याचे बॉल मिळाले तर जरूर वापरा. ते साध्या बॉलपेक्षा पाव हिश्श्याने मंद असतात आणि मोठ्या माणसांनाही विचार करायला वेळ देतात. लहान मुलांसाठी नारिंगी, निम्म्या वेगाचे.

भिंत हा सगळ्यात स्वस्त पार्टनर. भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारा, नेटची मधली उंची तेवढी असते. भिंतीवरून बॉल फार लवकर परत येतो, म्हणून दोन टप्प्यांनंतर मारा. नाहीतर घाईत हात मागे ओढायची जुनी सवयच पक्की होईल. सोसायटीच्या पार्किंगची भिंत दुपारी दोन ते चार टाळा, हे कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत सगळीकडे लागू.

७. स्वतःचा व्हिडिओ

मोबाईल कोर्टच्या मागच्या जाळीला अडकवा किंवा पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा, स्लो मोशन चालू. एकदा मागून, एकदा डाव्या बाजूने. पाच-सहा शॉट पुरतात, अर्धा तास रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. घरी येऊन त्यातला एक सरासरी शॉट घ्या, सगळ्यात चांगला नको. निवडलेल्या प्रोचा तशाच कोनातला शॉट शेजारी लावा आणि दोन्ही दुसऱ्या थांब्यावर आणा: दोन्हीकडे बॉल नेटवर.

तुमच्या व्हिडिओत त्या क्षणी छाती कुठे आहे? बहुतेकांना पहिल्यांदा बघून धक्का बसतो. मी वळतोच की, असं मनात असतं, आणि चित्रात माणूस नेटकडे तोंड करून उभा असतो. शरीराला काय वाटतं आणि ते प्रत्यक्षात काय करतं, यात एवढी तफावत असते, म्हणून हा व्हिडिओ लागतो.

तुमचा वेग, रॅकेट किती मागे गेली, केस कसे उडाले, यांची तुलना करू नका. फक्त वेळ ताडून बघा: खांदे कधी वळले, पाय कधी टेकला, बॉल कुठे लागला.

८. स्लाईस, थोडक्यात

दोन हातवाल्यांनाही एका हाताचा स्लाईस लागतोच. बॉल खूप लांब असेल, खूप खाली असेल, किंवा श्वास घ्यायला वेळ हवा असेल, तेव्हा. इथे नमुना ॲश बार्टी. तिचा जोराचा बॅकहँड दोन हातांचा आणि स्लाईस एका हाताचा, आणि स्लाईसच जास्त त्रासदायक. २०२१ चं विम्बल्डन आणि २०२२ ची ऑस्ट्रेलियन ओपन तिने जिंकली त्या मॅचेस बघा. बॉल नेटवरून सपाट, खाली राहून जातो आणि टप्प्यानंतर उसळतच नाही. जुन्यांमध्ये स्टेफी ग्राफ. ग्रिप दुसऱ्या कडेची, रॅकेट खांद्यावरून पुढे आणि थोडी खाली, मनगट घट्ट. बॉल कापायला जाऊ नका, रॅकेटचं तोंड किंचित वरच्या बाजूला उघडं ठेवून पुढे ढकला. कापला की तो तिथेच पडतो.

नाशिकच्या हिवाळ्यात स्लाईस विशेष चालतो, आणि त्यालाही कारण आहे. नियमाप्रमाणे नवा बॉल २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, पण ही मोजणी २० अंशांच्या तापमानात करतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथलं तापमान दहाच्या खाली जातं, निफाडकडे तर त्याहून खाली. थंड बॉल उसळत नाही, गटिंगवरही दगडासारखा लागतो. त्या दिवसांत गुडघे जास्त वाकवावे लागतात, आणि अंग गरम न करता एका हाताचा बॅकहँड मारला तर कोपर धरतं. एप्रिल-मेमध्ये उलट: बॉल खांद्यावर येतो, तेव्हा फेडररच्या त्या मॅचसारखं बेसलाईनवर राहायचं की मागे सरकून खाली येऊ द्यायचा, हे ठरवावं लागतं. नवख्याने मागे सरकावं, पण टप्पा पडायच्या आधी. नंतर सरकायला वेळ नसतो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं आणि चहाचा कप उचलतानाही कळ आली तर दोन आठवडे बॅकहँड बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एका हाताने मारणाऱ्यांत हे उशिरा, वाकलेल्या कोपराने मारल्यामुळे जास्त दिसतं. कडक पॉलिएस्टरचं गटिंग असेल तर मऊ सिंथेटिक गट लावून घ्या, आणि तारांचं टेन्शन २२ ते २४ किलोच्या आसपास ठेवायला सांगा.

९. मॅचमध्ये कधी वापरायचा

सरावात बसलेला बॅकहँड मॅचमध्ये पहिले काही आठवडे गायब होतो, हे धरून चाला. बॉल डावीकडे आला की पाय आपोआप फोरहँडच्या जागेकडे धावतील. म्हणून निर्णय आधीच करून ठेवा: डावीकडे आलेला बॉल बॅकहँडनेच, आणि तोही क्रॉस कोर्ट, म्हणजे तिरपा. नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर आणि खांबाशी १०७, म्हणजे तिरपा मारलेला बॉल कमी उंचीवरून जातो. शिवाय कोपऱ्यातून कोपऱ्यात अंतर साधारण २५.१ मीटर, सरळ रेषेपेक्षा जवळजवळ दीड मीटर जास्त. चुकायला तेवढी जागा मिळते. डाऊन द लाईनचा मोह सोडा; वावरिंकाने तो शेवटच्या पॉइंटवर मारला, पण तो वावरिंका होता.

डबल्समध्ये डावी बाजू मागून घ्या. क्लबमध्ये नवख्याला सहसा उजव्या बाजूला उभं करतात, कारण तिथे फोरहँड मिळतो आणि पार्टनरचा पॉइंट वाचतो. डावीकडे उभं राहिलात की तिकडे तुमचा बॅकहँड आहे हे समोरच्यांना पहिल्याच गेममध्ये कळेल आणि प्रत्येक सर्व्हिस तिथेच येईल. एका सकाळीत इतके बॅकहँड मार्करसुद्धा देणार नाही. रिटर्न मारताना रॅकेट मागे न्यायची नाही, नुसते खांदे वळवायचे आणि बॉल पुढे घ्यायचा. पार्टनर कुरकुरेल. त्याला सांगा, नाश्त्याची मिसळ माझ्याकडून.